धोंड्याच्या महिन्याची गॅरंटी

मनकर्णेचं अर्धं घर सारवून झालं होतं. देवघराकडून सुरुवात करून उजव्या भिंतीपर्यंत शेणाचे अर्धगोल हात एकासारखे एक उमटले होते, आणि उरलेली अर्धी जमीन कोरडी, पोपडे धरून पडली होती. घटस्थापनेला पाच दिवस राहिले होते. कोनाड्यात रेडिओ मुंबईचं भजन म्हणत होता आणि त्याच्या ठेक्यावर मनकर्णेचा हात फिरत होता. ठेका जलद झाला की हातही जलद. एकाएकी रेडिओतून 'खर्र' झालं, मग 'टप्' झालं, आणि भजनी बुवा 'विठ्ठल विठ्'पर्यंत आले ते तिथंच राहिले.

मनकर्णेचा हातही शेणाच्या गोळ्यावर तसाच राहिला.

नणंद बेबीताई अकोल्याहून नवरात्रासाठी आधीच येऊन बसली होती. ती उंबऱ्यात शेवंती निवडत होती. हसायला तिला कारण लागत नसे, आणि कारण मिळालं तर मग विचारायलाच नको.

"बुवाले ठसका लागला असंल, वहिनी."

"ठसका इतका वेळ असते का, बाई?"

मनकर्णा उठली. शेणाचे हात देवासारख्या वस्तूला लागू नयेत म्हणून तिनं कोपरानं रेडिओचा कान पिळला. काचेमागचा दिवा लागला होता, म्हणजे वीज होती. आवाज मात्र नाही. दुसरा कान पिळला. नाही. मग तिनं कोपरानंच त्याच्या पाठीवर हळूच थोपटलं, तान्ह्या मुलाला ढेकर काढतात तसं. बेबीताईच्या मांडीवरची शेवंती हसण्यानं खाली सांडली.

तेवढ्यात शालिकराम मळ्यातून वांग्यांची पाटी घेऊन दारात आला. अर्धी जमीन ओली, अर्धी कोरडी, बायको रेडिओला थोपटते आहे आणि बहीण पोट धरून बसली आहे, हे त्यानं पाहिलं.

"मेला का?" त्यानं विचारलं.

"तोंड सांभाळून बोला. मुका झाला."

"मी म्हटलंच होतं. अमरावतीत दुकानं नव्हती? अकोल्याले जाऊन घेतला. आता आन म्हना तो दुकानदार इथं."

"मीच जाते त्याच्याकडं. वर्षाची गॅरंटी हाये."

"जाय. पन आयक. फुकट बोलता केला तर आन घरी. त्यानं एक दमडी जरी मागितली, तर तिथंच ठेवून ये. या डब्ब्यावर आता दमडी घालाची नाई."

शालिकराम एकदा बोलला की बदलत नसे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि मनकर्णेनं गल्लीतल्या बायकांना शब्द दिला होता, की नवरात्राच्या पहिल्या माळेला संध्याकाळी सगळ्यांनी तिच्याकडे यावं, मुंबईचं कीर्तन ऐकावं आणि फुटाणे खावे. फुटाणे तर घेऊनही ठेवले होते. आता फुटाणे होते आणि कीर्तन नव्हतं.

ही मनकर्णा म्हणजे काय बाई होती ते थोडं सांगायला हवं. चाळिशीच्या अलीकडची, ठेंगणी, कपाळभर कुंकू, आणि चालताना डोक्यावर पाटी नसली तरी मान पाटी असल्यासारखी ताठ. नवरा मळ्यात वांगी, मेथी, दोडकी लावायचा, आणि फुलांचा वाफा हिचा. झेंडू, शेवंती, मोगरा. पहाटे अंबादेवीच्या दाराशी हार विकायचे, देवीला पहिला हार फुकट घालायचा, मग दुसऱ्या हाराचं गिऱ्हाईक. पोथी वाचण्यापुरतं बाळबोध अक्षर तिला येत होतं. तारीख मात्र तिच्या घरात कधी आलीच नाही. थोरला नागपंचमीचा, धाकटी रथसप्तमीची, गाय ऋषिपंचमीला आणलेली, आणि शालिकरामचा पाय मोडला तो संकष्टीला, चंद्र उगवायच्या आधी. सरकारी कागदावर कुणी तारीख विचारली तर ती सरळ म्हणायची, "तिथी सांगते, तारीख तुमीच शोधा."

आणि रेडिओ? तो मागच्या दसऱ्याला घेतला. त्या वर्षी अकोल्यात झेंडूला भाव आहे असं बेबीताईनं कळवलं होतं. मनकर्णा पाच डाली झेंडूचे हार घेऊन आगगाडीनं गेली. दुपारपर्यंत चार डाली संपल्या. पाचवी घेऊन ती गोवर्धनशेठच्या दुकानासमोर बसली. शेठ सायकली, शिवणयंत्रं आणि रेडिओ विकत असे. दसऱ्याची पूजा चालली होती. शेठनं तिची सगळी डाली घेतली, हार ताजे दिसावे म्हणून त्यांच्यावर तांब्याभर पाणी शिंपडलं, आणि एकेक हार एकेका यंत्राच्या गळ्यात घातला. वर कुंकवाचं बोट, वर आपट्याचं पान. त्यात एक रेडिओ अभंग म्हणत होता. हार ओला, पाणी ठिबकतं आहे, आणि आतून अभंग येतो आहे. मनकर्णा पाहतच राहिली. तिनं आतापर्यंत शेकडो देवांना हार घातले होते, पण त्यांतला एकही देव गात नव्हता. वर्षानुवर्षं साठवलेली फुलांची कमाई तिनं त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर त्या रेडिओवर घातली. दुकानाच्या म्हाताऱ्या मुनिमानं, शेषरावांनी, लाल शाईनं पावती लिहून दिली. पेंढा भरलेल्या खोक्यात रेडिओ हारासकट बंद झाला. गाडी चुकली म्हणून ती रात्र खोकं बेबीताईच्या घरी राहिलं आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीला आलं.

तेव्हापासून रेडिओ घरचाच झाला. एरियलची तार मनकर्णेनं दोन बांबूंना बांधली होती आणि एवढा चांगला मांडव रिकामा कशाला म्हणून त्यावर दोडका चढवला होता. दर गुरुवारी ती रेडिओला कुंकू लावायची. यंदा दोन श्रावण आले, एक अधिक आणि एक खरा. अधिक म्हणजे धोंड्याचा. त्यातच रेडिओ मधूनमधून खरखरू लागला होता. "मुंबईत पाऊस पडून राहिला असंल," असं म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही. विलायतेत लढाई पेटली तेव्हापासून शालिकरामही, आपण रेडिओकडे पाहतच नाही असं दाखवत, बातम्यांच्या वेळी बरोबर घरात असायचा.

आता तो मुका.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं सारवलेलं घर तसंच टाकून नणंद-भावजय निघाल्या. रेडिओ फुलांच्या डाल्यात, खाली जुनं लुगडं, वर धाकटीची दुपट्टी. देव्हाऱ्यातून पावती काढून मनकर्णेनं कमरेला खोचली. बडनेऱ्याला गाडी बदलताना तिकीट बाबूनं डाल्याकडे बोट केलं.

"त्यात काय?"

"मुका झाला हो," मनकर्णा म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "कालपर्यंत चांगला भजन म्हनत होता."

"अरेरे. केवढा आहे?"

"दसऱ्याले वर्साचा होईन."

वर्षाच्या आत भजन म्हणणारं पोर! बाबूनं टोपी काढली. समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं कडकडा बोटं मोडून दृष्ट काढली, आणि पाहायला म्हणून दुपट्टीचं टोक उचललं. आत लाकडी पेटी. म्हातारीनं एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा मनकर्णेकडे, आणि शेजारणीला म्हणाली, "बिचारी. डोक्यावर परिणाम झाला." बेबीताई अकोला येईपर्यंत पदर तोंडात कोंबून खिडकीकडे पाहत बसली. तिचे खांदे तेवढे हलत होते.

पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात कोणी नवी वस्तू घेत नाही, म्हणून गोवर्धनशेठच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पण बसायला माणसं होती. बाजारातले सात-आठ रिकामे लोक पायरीवर तंबाखू मळत होते. शेठ गादीवर लोळला होता. शेषराव मुनीम नाकावर चष्मा ठेवून रिकाम्या वहीत रेघा आखत होते. मनकर्णेनं डालं गादीवर ठेवलं, दुपट्टी काढली आणि म्हणाली,

"घ्या. तुमचं लेकरू माहेरी आलं."

शेठ उठून बसला. रेडिओ पाहिला, पावती पाहिली, मग भिंतीवर एकावर एक टांगलेली मागच्या सालची आणि यंदाची छापील कॅलेंडरं पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला.

"बाई, तीन ऑक्टोबरला घेतला. तीन ऑक्टोबरला वर्ष झालं. आज नऊ तारीख. गॅरंटी खतम. दुरुस्तीचे पैसे लागतील."

"कोन्तं वर्स झालं?"

"एक वर्ष."

"मी दसऱ्याले घेतला. दसरा आला का?" मनकर्णा पायरीवरच्या लोकांकडे वळली. "काहून हो, शिलंगण झालं का तुमच्या अकोल्यात? सोनं लुटलं? आमच्या अमरावतीत तर घटही बसले नाई अजून."

पायरीवरचे लोक सरसावून बसले. एकानं तंबाखू तोंडात टाकायची ती तळहातावरच ठेवली.

"अहो बाई, यंदा अधिक महिना होता. म्हणून दसरा लांबला. त्याला मी काय करू?"

"मंग तुमीच सांगा. धोंड्याच्या महिन्यात लगन लागते?"

"नाही."

"मुंज?"

"नाही."

"नव्या घरात घागर भरते कोनी?"

"नाही हो."

"देवाधर्माचं सगळं थांबते, अन् तुमची गॅरंटी तेवढी पयते?"

पायरीवर हशा फुटला. बेबीताई शिवणयंत्राला धरून उभी होती. यंत्राचं चाक तिच्या हसण्याबरोबर खडखडत होतं.

शेठनं गल्ल्याखालून एक गुळगुळीत छापील कार्ड काढलं. "हे पाहा. कंपनीचं कार्ड. इंग्रजीत लिहिलं आहे, बारा महिने."

"हे मले वाचता येते का?"

"मला काय माहीत?"

"नाई येत. अन् हे तुमी मले वाचून दाखवलं का? नाई. हे तुमच्या गल्ल्याखाली होतं, माह्या कमरेले नव्हतं. माह्या कमरेले हे होतं." तिनं पावती उलगडली आणि पोथी वाचावी तसं एकेका अक्षरावर बोट ठेवून, सुरात वाचलं. "श्री. मिती आश्विन शुद्ध दशमी. रेडिओ नग एक. एक वर्षाचे आत बिघडल्यास दुकानाकडून दुरुस्त करून देऊ. इथं बारा महिने कोठी लिवलं? एक वर्ष लिवलं. यंदाचं वर्स तेरा महिन्याचं. मी बनवलं नाई, पंचांगानं बनवलं."

शेठचा धीर सुटत चालला होता. "शेषराव! तुम्ही सांगा या बाईला, वर्ष किती महिन्यांचं असतं."

शेषरावांनी लेखणी खाली ठेवली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. वीस वर्षांत ते या दुकानात मोठ्यानं बोललेले कोणाला आठवत नव्हतं.

"कोणतं वर्ष, शेठजी? रेडिओचं, की माझं?"

"म्हणजे?"

"माझ्या पगाराचं वर्ष दिवाळी ते दिवाळी. मागच्या धोंड्यात मी तेराव्या महिन्याचा पगार मागितला होता. तेव्हा तुम्ही म्हणाले, 'शेषराव, वर्ष म्हणजे वर्ष. अधिक महिना देवाचा, त्याचं मागायचं नसतं.' मी ऐकलं. यंदाही तेरा महिने राबतो आहे. म्हणून विचारतो, यांना कोणतं वर्ष सांगू?"

मग पायरीवरचा एक जाडा माणूस "अरे बाप रे!" म्हणून गडगडला आणि सगळी पायरी हसत सुटली. शेषराव मात्र हसले नाहीत. त्यांनी लेखणी उचलून पुढची रेघ आखायला घेतली. रेघ जरा वाकडी गेली.

शेठचे कान लाल झाले. "ठीक! उघडून पाहू! पण आधी सांगतो, चूक वापरणाऱ्याची असेल तर गॅरंटी शंभर वर्षांची असो, दमडी घेतल्याशिवाय हात लावणार नाही. सहदेव!"

मागच्या खोलीतून सहदेव मिस्त्री आला. पन्नाशीचा, कानामागे पेचकस खोचलेला, कमी बोलणारा. त्यानं रेडिओ मांडीवर घेतला.

"एरियल कशाला बांधली?" त्यानं विचारलं.

"दोन बांबूले."

"मोकळी आहे ना?"

इथं मनकर्णेला गप्प बसता आलं असतं. पण रोज पहाटे देवीच्या दारात बसणाऱ्या बाईला ते जमेना. "दोडका चढवला तिच्यावर," ती म्हणाली.

"कोण?"

"दोडका. वेल. यंदा लय लागला."

पायरीवरून कोणीतरी ओरडलं, "शेठजी, पुढच्या कार्डावर छापा, एरियलवर भाजी लावू नये!" सहदेव मिस्त्रीच्या मिशा थोड्या हलल्या. तो म्हणाला, "दोडक्यानं आवाज दबेल, जाणार नाही," आणि पेचकस लावून त्यानं पाठीमागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं.

आतून उदबत्तीचा वास आला. काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह धुळीत उभे होते आणि त्यांच्या पायांशी तांबडी, बारीक बुकटी पसरलेली होती.

"कुंकू!" शेठ गादीवरून उडालाच. "पाहा, पाहा सगळ्यांनी! यंत्राचं देवघर केलं बाईनं! आता कोणतं वर्ष सांगता? बाई, कुंकू तुम्ही लावता की नाही?"

"लावते," मनकर्णा म्हणाली. "दर गुरवारी."

"संपलं! पैसे ठेवा, नाहीतर उचला पेटी."

मनकर्णेला शालिकरामचा आवाज कानात ऐकू आला. दमडी मागितली तर तिथंच ठेवून ये. तिला फुटाण्यांची पिशवी दिसली, रिकामा कोनाडा दिसला, अर्धी कोरडी जमीन दिसली. पहिल्या माळेला नटूनथटून येणाऱ्या बायका दिसल्या आणि त्यांना "घरी जा" म्हणणारी आपण दिसलो. बेबीताईचंही हसू थांबलं. तिनं वहिनीचा हात धरला. मनकर्णेनं मनात अंबादेवीला हाक मारली. मागणं काही मागितलं नाही, नुसती हाक मारली.

सहदेव मिस्त्री अजून आतच पाहत होता. कुंकवाकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं तोंडानं फुंकर मारली, कुंकू उडून शेठच्या सदऱ्यावर बसलं, आणि मिस्त्री म्हणाला, "हे कोरडं आहे. वरवरचं. यानं काही होत नाही. मरण इथं आहे." चिमटा आत घालून त्यानं काहीतरी ओढलं. ते चिकटलेलं होतं, सहज येईना. आलं तेव्हा त्याच्याबरोबर एका तारेचं टोकही तुटून आलं. टोकावर तांब्याच्या जुन्या भांड्यावर धरतो तसा हिरवा कळंक होता.

"ओलं पान," मिस्त्री म्हणाला. "झाकणाच्या फटीतून आत गेलं आणि बरोबर तारेच्या जोडावर, डाखाच्या कथलावर बसलं. ओल्या कुंकवानं चिकटलं. आतल्या आत वर्षभर तार खात गेलं. कधीपासून खरखरत होतं?"

"श्रावणापासून. मले वाटलं मुंबईत पाऊस हाये."

मिस्त्रीनं पान चिमट्यात धरून उजेडाकडे केलं. वाळून तपकिरी झालेलं, पण मधून दुभागलेलं, दोन पाकळ्यांचं. पायरीवरच्या सगळ्यांनी एकदम ओळखलं. मनकर्णेनं सर्वांत आधी.

"सोनं!" ती ओरडली. "आपट्याचं पान हाये ते!"

"मग? तुम्हीच ठेवलं असेल घरी," शेठ म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता.

आता मनकर्णेची मान पाटी ठेवल्यासारखी ताठ झाली. "शेठजी, आयका. सोनं कोन्या दिवशी देतेत? दसऱ्याले. यंदाचा दसरा आला का? नाई, हे आपलं आत्ताच ठरलं. मंग हे पान मागच्या दसऱ्याचं. मागच्या दसऱ्याले हा रेडिओ कोठी होता? सकाळी तुमच्या इथं, रात्री या माह्या नणंदेच्या घरी, खोक्यात बंद."

"माह्या पाळण्याखाली," बेबीताई म्हणाली. "माह्या पोट्ट्याच्या पाळण्याखाली. पेंढा भरलेला. कोनी हात नाई लावला, मी पायतच होती."

"घरी उघडला तो एकादशीले. मले उपास होता. एकादशीले सोनं देते का कोनी? या दुकानातच तुमी माह्या डालीतला हार घेतला, त्याच्यावर तांब्याभर पानी टाकलं, हार याच्या गळ्यात घातला, वर हे पान. पहिलं कुंकू बी तुमचंच. माहं कोरडं, तुमचं ओलं. मी तवा पाहत होती. मले वाटलं, केवढा भाविक दुकानदार!"

शेठनं मदतीसाठी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री तारेचं टोक खरवडत होता. मान वर न करता तो म्हणाला, "शेठजी, हे दुखणं गॅरंटीच्या आधीचं आहे. विकला तेव्हाच बिघडलेला विकला. फक्त बिघडायला वर्ष लागलं." मग जरा थांबून त्यानं फळीवर ओळीनं मांडलेल्या रेडिओंकडे पेचकस रोखला. "त्या सहांच्याही गळ्यात तेव्हा ओले हार होते. उघडून पाहू का?"

"नको!" शेठ इतक्या जोरात ओरडला की पायरीखालची शेळी पळाली.

पण उशीर झाला होता. मागच्या ओळीतला एक गृहस्थ "अरे, मीही दसऱ्यालाच घेतला होता!" म्हणत उठला, एका पायातली चप्पल तिथंच टाकून घराकडे धावला. त्याच्यामागून दुसरा उठला. त्यानं शिवणयंत्र घेतलं होतं. त्याच्यात काय बिघडलं आहे हे त्याला अजून ठाऊक नव्हतं, पण तोही धावला.

शेठनं डोक्याला हात लावला. "सहदेव, बाईचं आधी कर. लवकर. पैसे नको, काही नको. फक्त लवकर!"

मिस्त्रीनं जोड खरवडला, नवी तार घातली, तापलेल्या हत्यारानं डाख बसवला. धुराचा एक बारीक दोरा वर गेला. बेबीताईनं त्याला सवयीनं हात जोडले. मग मिस्त्रीनं खटका दाबला. काचेमागचा दिवा लागला. आतून घूं घूं झालं, आणि एका जाड्याभरड्या आवाजानं इंग्रजीत लढाईची बातमी सांगायला सुरुवात केली. एकालाही अक्षर कळलं नाही, पण सगळी पायरी टाळ्या वाजवत होती. मनकर्णेनं दोन्ही हातांनी रेडिओवरून बोटं उतरवून कडाकडा मोडली.

"पावतीवर लिहून द्या," ती म्हणाली. "दुरुस्त केला म्हनून."

शेषरावांनी दौत उघडली, लेखणी बुडवली आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "मिती घालू, शेठजी, की तारीख?"

"तारीख!" शेठ किंचाळला. "तारीखच घाला! या दुकानात आजपासून तारीख!"

"बरं," शेषराव म्हणाले. "मग पगाराचीही तारीखच धरू." आणि त्यांनी तारीख घातली. अक्षर मोत्यासारखं. शेठनं त्या अक्षराकडे पाहिलं आणि, का कोण जाणे, त्यालाही हसू फुटलं. ते आवरता येईना तेव्हा त्यानं तोंडावर उशी धरली. "दिवाळीला बसू, शेषराव," तो उशीआडून म्हणाला. "तुम्ही, मी आणि पंचांग."

मनकर्णा डालं उचलत होती तेव्हा शेठनं थांबवलं. "बाई, यंदाच्या दसऱ्याला झेंडू आणणार ना?"

"आनीन की. अमरावतीचा पहिला हार देवीले, अकोल्याचा पहिला तुमाले. पन दाराले बांधा. मशिनीच्या गळ्यात घातला तर मी सोडून घेऊन जाईन, हारही अन् मशीनही."

समोरून तो एक चप्पल घातलेला गृहस्थ आपला रेडिओ पोटाशी धरून धावत येत होता. दोघी त्याला वाट देऊन स्टेशनाकडे वळल्या.

गाडीत त्याच म्हातारीची गाठ पडली. ती बार्शीटाकळीहून लेकीला भेटून परत निघाली होती. तिनं डालं ओळखलं आणि जरा सरकून बसली. मनकर्णेनं तिला जवळ ओढून सगळी हकीकत सांगितली. मूर्तिजापूर येईपर्यंत डब्यातल्या सगळ्यांना सांगून झाली, बडनेऱ्याला दुसऱ्या गाडीत पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी शेठचं ओरडणं थोडं वाढत होतं आणि शेळी थोडी लांब पळत होती.

दिवेलागणीच्या आधी त्या घरी पोचल्या. शालिकराम ओसरीवर बसला होता. तो वाट पाहत नव्हता, असं त्याच्या बसण्यावरून दिसत होतं. एवढं नीट तो एरवी कधी बसत नसे.

"किती मागितले?" त्यानं विचारलं.

मनकर्णेनं कोनाड्यात रेडिओ ठेवला, तार जोडली, कान पिळला. बातम्या लागल्या. शालिकराम ओसरीवरून आत आला.

"फुकट?"

"फुकट. अन् दसऱ्याचा झेंडूही तिथंच द्याचा ठरला."

शालिकरामनं डोक्याची टोपी काढली, झटकली, परत घातली. "थोडा मोठा कर," तो म्हणाला. "लढाईचं काय झालं ते आयकू येत नाई." मग बाहेर जाऊन त्यानं एरियलकडे पाहिलं. वेलीला अकरा दोडकी लागली होती. तो परत आला. "अकरा तोडतो, मंग वेल काढतो. तवरी दबक्या आवाजात चालंल."

शेजारची पार्बताबाई भिंतीवरून डोकावली. "बोलला का व?"

"बोलला माय! पयल्या माळेले या साऱ्याजणी. फुटाने तयारच हायेत."

"ते ठीक, पन बसाव कोठी? तुह्या घरात तर अर्धी जमीन उपाशी हाये."

मनकर्णेनं वळून पाहिलं. काल सारवलेलं वाळून गुळगुळीत झालं होतं, आणि दुसरी बाजू होती तशीच पोपडे धरून. पाटीत उरलेल्या शेणाची एका दिवसात गोवरी झाली होती. बेबीताईनं ती उचलून वाजवून पाहिली, आणि पुन्हा हसायला लागली.

सकाळी, देवीच्या दारातले हार विकून आल्यावर, मनकर्णेनं रेडिओला नमस्कार केला. कुंकवाचं बोट उचललं, थांबली, आणि ते कोनाड्याच्या भिंतीला लावलं. भजन सुरू झालं होतं. ठेका जलद होता. तिनं रिकामी पाटी काखेला मारली आणि पार्बताबाईच्या गोठ्यातून शेण आणायला निघाली.